'पुढची भेट' हा रकाना रिकामाच का राहतो?

अर्धविराम (धागाकर्ती)

गेलं दीड वर्ष मी सुट्टीच्या दिवशी एका संस्थेच्या आरोग्य शिबिरांना जाते. मी डॉक्टर नाही, नर्स नाही. माझं काम पहिल्या टेबलावरचं. नाव, वय, तक्रार विचारायची आणि वहीत उतरवायची. मागच्या महिन्यात वार्षिक अहवालासाठी आकडे हवे होते म्हणून सगळ्या वह्या घरी आणून बेरजा करत बसले होते. तपासलेले एवढे, बीपी जास्त निघालेले एवढे, शुगर एवढ्यांची, चष्मे एवढे. बेरजा जुळल्या. मग सहज उजवीकडच्या शेवटच्या रकान्याकडे लक्ष गेलं. वही छापील आहे, त्यामुळे तो रकाना आयताच आलाय: 'पुढची भेट'. दीड वर्षात त्यात एकही तारीख नाही. बऱ्याच ठिकाणी नुसती आडवी रेघ आहे. रेघ मारणारी मीच, अक्षर ओळखते की.

एका पानावर एक बाई आहेत. बीपी १८०/११०. पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. 'जवळच्या दवाखान्यात दाखवा' असंही सांगितलं असणार, कारण ते आम्ही सगळ्यांनाच सांगतो. पण दवाखाना खरंच जवळ असता तर आम्ही तिथे शिबिर कशाला घेतलं असतं? हा प्रश्न त्यांच्यासमोर बसले होते तेव्हा पडला नाही, बेरजा करताना पडला.

अहवालात त्या बाई 'लाभार्थी' आहेत.

संस्थेतली माणसं मनापासून काम करणारी आहेत, त्यांच्या नावाने खडे फोडायला धागा काढलेला नाही. मला एवढंच विचारायचंय की ज्या संस्थांनी हे काम नीट केलं, त्यांनी नेमकं काय वेगळं केलं? आणि तुम्ही वेळ किंवा पैसे देताना काय बघता? 'हे सरकारचं काम आहे' हे उत्तर मला माहीत आहे, ते कृपया नको.

शंकासूर

हे सरकारचं काम आहे.

(नको म्हणालात म्हणून आधी तेच लिहून मोकळा झालो.)

१९७८ साली अल्मा-आटाला (तेव्हाच्या सोव्हिएत संघातलं शहर) जगभरचे देश एकत्र जमले आणि 'सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य' असं ठरवून घरी गेले. कॅलेंडर बघा. सरकारांना जमलं नाही ते सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या उत्साही मंडळींना जमेल अशी आशा मला नाही. शिबिर म्हणजे बॅनर, फीत, फोटो. बॅनरवर रोग्यापेक्षा देणगीदाराचं नाव मोठं असतं, तिथेच सगळं कळतं.

वाटसरू

वाचतोय. विषय चांगला काढलात.

निवृत्त_सिस्टर

शंकासूर, सरसकट झोडपू नका. मी सदतीस वर्षं नोकरी केली, त्यात शिबिरंही खंडीभर केली. एका फटक्यात संपणाऱ्या कामाला शिबिर चांगलं. मोतीबिंदू काढला, नजर आली, विषय संपला. किडका दात काढला, संपलं. पण बीपी, शुगर, फिट येणं, मनाचे आजार, क्षय ही दुखणी एका फटक्यात संपत नाहीत. त्यांना माणूस लागतो, तोच माणूस पुन्हा पुन्हा लागतो.

आणि अर्धविराम, एक सांगते, रागावू नका. बीपी एकदा मोजून निदान होतच नाही. आकडा फारच वर असेल तर गोष्ट वेगळी, तिथे थांबायचं नसतं, त्याच दिवशी पुढे पाठवायचं असतं. एरवी दुसऱ्या दिवशी, निवांत बसवून, परत मोजावं लागतं. रांगेत ताटकळलेल्या, मघाशीच चढ चढून आलेल्या माणसाचं बीपी वर जाणारच. आणि ज्याला खरंच आजार आहे त्याला पाच दिवसांच्या गोळ्या देणं म्हणजे पूर आलेल्या नदीवर पाच फुटांचा पूल. सहाव्या दिवशी तो माणूस मधोमध उभा.

त्या १८०/११० वाल्या बाईंना परत कोणी भेटलं का?

अर्धविराम

नाही, सिस्टर. वहीत फोन नंबरचा रकानाच नाही.

तळटीप

सिस्टरांनी मोतीबिंदूचा विषय काढला म्हणून. 'अरविंद' या नेत्ररुग्णालयाची गोष्ट बहुतेकांना अर्धीच माहीत असते. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर १९७६ साली मदुराईत ११ खाटांवर सुरुवात केली, आणि पुढे लाखोंच्या शस्त्रक्रिया झाल्या, इथवर सगळे सांगतात. शिबिरांची त्यांची पद्धतही घोटलेली. शिबिरात निवडलेल्या रुग्णाला 'नंतर या' असं म्हणायचंच नाही. त्याच दिवशी बसमध्ये बसवायचं, शस्त्रक्रिया करायची आणि परत आणून सोडायचं. कारण 'नंतर या' म्हटलं की माणूस येत नाही.

उरलेली अर्धी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १९९९ साली त्यांच्याच भागातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शिबिर गावाजवळ, फुकट, नावाजलेल्या संस्थेचं. तरी डोळ्यांचा त्रास असलेल्यांपैकी शिबिराला आले जेमतेम ७ टक्के. न येण्याची कारणं विचारली तर भीती, खर्च (फुकट असूनही!), घरची जबाबदारी. दुसऱ्या एखाद्या संस्थेने हा आकडा दाबून ठेवला असता. इथे त्यानंतर कायमची छोटी नेत्रकेंद्रं काढण्यावर भर आला. केंद्रात प्रशिक्षित तंत्रज्ञ रोज हजर, डॉक्टर दूरच्या रुग्णालयातून पडद्यावर.

धागाकर्तीच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच. शिबिराला किती आले हे सगळेच मोजतात. किती आले नाहीत हे मोजणारी संस्था शोधा.

पायवाट

तळटीप +१

'किती आले नाहीत' यावर एक जुनी मांडणी आहे, १९७८ सालची, तानाहाशी या अभ्यासकाची. सेवा आहे का, तिथे पोचता येतं का, ती लोकांना पटते का, प्रत्यक्ष कितीजण वापरतात, आणि वापरणाऱ्यांपैकी कितीजणांना गुण येतो. प्रत्येक पायरीला माणसं गळतात. आपल्या बहुतेक अहवालांत पहिल्या पायरीवरची संख्या असते आणि मथळा शेवटच्या पायरीचा.

मी या क्षेत्रात पगारी नोकर आहे (संस्थेचं नाव सांगणार नाही). 'फुकट' या शब्दाबद्दल बोलायचंय. रोजावर जाणाऱ्या माणसाला दवाखान्याची एक फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी, सोबत येणाऱ्याची मजुरी, जाण्यायेण्याचं भाडं, आणि घरी लहान मूल असेल तर ते कोणाकडे ठेवायचं हा घोळ. आपण केसपेपरचे पैसे माफ करतो आणि वाटतं की अडसर काढला.

शंकासूर

पण पायवाट, माणसं निष्काळजी असतात हे तुम्ही कधी मान्य करणार? फुकट गोळ्या हातात दिल्या तरी अर्धवट सोडणारे मी घरात पाहिलेत. चांगले शिकलेले. मग आणखी कोणी कोणाच्या मागे किती धावायचं? आणि फुकट दिलेल्या गोष्टीची किंमत राहत नाही, हेही खरंच आहे. थोडे तरी पैसे घ्यावेत.

पायवाट

निष्काळजीपणाबद्दल एक उदाहरण देतो, तुमच्यासारख्यांसाठीच जपून ठेवलंय.

हैतीमधला डोंगराळ भाग. 'पार्टनर्स इन हेल्थ' ही संस्था १९८७ साली स्थापन झाली, पॉल फार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. क्षयाची औषधं सगळ्यांना मोफत मिळत होती, तरी रुग्ण मधेच सोडत होते. मग दोन गट पाडून पाहिलं. पहिल्या गटाला नेहमीसारखी मोफत औषधं. दुसऱ्याला औषधं, शिवाय पोषणासाठी मदत, प्रवासखर्च, दरमहा थोडी रक्कम आणि घरी येणारा आरोग्यसेवक. दुसऱ्या गटातले सगळे बरे झाले. पहिल्यातले निम्म्याच्या आसपास.

आता खरी गंमत. करणी केल्यामुळे क्षय होतो असं मानणारे लोक दोन्ही गटांत होते. त्या समजुतीचा गोळ्या पूर्ण घेण्या-न घेण्याशी काही संबंधच दिसला नाही! म्हणजे ज्याला आपण 'लोकांचं अज्ञान' म्हणून बोट दाखवत होतो, ते कारण नव्हतंच. कारण होतं पोट आणि रस्ता. घरी येणाऱ्या त्या सेवकांना तिथे 'सोबत करणारा' अशा अर्थाचा शब्द आहे. मला तो फार आवडतो. 'देखरेख करणारा' नाही, 'सोबत करणारा'.

तळटीप

'थोडे तरी पैसे घ्या' यावर केनियात प्रयोग झालाय, कोहेन आणि द्युपा या दोघींचा, २०१० साली प्रसिद्ध झाला. गरोदर बायकांना मच्छरदाण्या द्यायच्या होत्या. पूर्ण फुकट दिल्या तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी घेतल्या. फुकटऐवजी ९० टक्के सवलत केली, म्हणजे अगदी नाममात्र किंमत लावली, तर घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्के-अंकांनी खाली आलं. आणि फुकट घेणाऱ्या बायका ती अडगळीत टाकतात असंही आढळलं नाही. पैसे मोजलेल्यांइतक्याच त्याही वापरत होत्या.

शंकासूर

मच्छरदाणीपुरतं मानलं. गोळ्यांबद्दल अजून नाही. पण करणीचा मुद्दा भारी आहे, तो मी चोरणार.

हिशेबनीस

मी पलीकडच्या टेबलावर बसतो. संस्थांच्या अर्जांची छाननी करतो, देणगी द्यायची की नाही याची शिफारस करतो. तेव्हा रकाना रिकामा का राहतो, ते माझ्याकडून ऐका.

आमच्या अर्जात एक ओळ असते: 'लाभार्थींची संख्या'. तिच्याखाली: 'प्रति लाभार्थी खर्च'. समजा एका संस्थेने एका दिवसात तीनशे माणसं तपासली. लाभार्थी तीनशे. दुसऱ्या संस्थेने पंचवीस बीपीच्या रुग्णांच्या घरी वर्षभर दरमहा फेरी मारली. फेऱ्या त्याही तीनशेच झाल्या. पण लाभार्थी पंचवीस! प्रति लाभार्थी खर्च बारापट. समितीत बसलेला माणूस वाईट नसतो, त्याच्यासमोर दोन आकडे असतात आणि चहा यायच्या आत निर्णय घ्यायचा असतो. तो पहिल्या संस्थेला पैसे देतो.

म्हणजे अर्धविराम, तुमच्या हातून त्या रकान्यात रेघ मारली जाते ती आमच्या फॉर्ममुळे. पुढची भेट लिहिली असती तर ती मोजायला जागाच नव्हती.

दुसरं दुखणं मुदतीचं. प्रकल्प तीन वर्षांचा. बीपी जन्मभराचं. चौथ्या वर्षी आरोग्यसेविकेचं मानधन बंद, टॅबलेट (औषधाची नव्हे, पडद्याची) कपाटात. आणि त्या तीन वर्षांत लोकांना सवय लागलेली असते की ताई येईल. ताई येत नाही. याहून मुळात गेलोच नसतो तर बरं, असं मला एकदोन ठिकाणी वाटून गेलंय.

निवृत्त_सिस्टर

हिशेबनीस, बारापटीचं गणित आमच्या साहेबांना कोणी तेव्हा समजावलं असतं तर माझी चपला झिजवण्याची वर्षं वाचली असती.

तिथलाच माणूस तयार केला नाही तर ताई जाणारच. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. सुरुवातीला त्यांनीही गावात शिकलेल्या नर्सबाई नेमून पाहिल्या. जमलं नाही. परक्या गावात एकटी राहणारी तरुण मुलगी, तिला गाव सांभाळणार की ती गावाला? मग गावातल्याच बायका निवडल्या. कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित वस्तीतल्या. आधी लोकांनी हसून घेतलं. त्या बायका ठरलेल्या दिवशी केंद्रावर यायच्या, शिकायच्या, आणि गेल्या आठवड्यात गावात काय घडलं ते एकमेकींना सांगायच्या. हे दुसरं फार मोलाचं हो. प्रशिक्षण म्हणजे आम्ही फळ्यावर लिहायचो आणि त्या माना डोलवायच्या. पण 'माझ्याकडे ताप उतरेना तेव्हा मी असं केलं' हे एकीने दुसरीला सांगितलं की ते डोक्यात बसतं.

मी ते काम पाहायला गेले होते, उमेदीच्या काळात. डॉक्टर मंडळी काय म्हणाली ते विसरले. एका कार्यकर्तीने मला विचारलेलं विसरले नाही. "सिस्टर, तुम्ही बाळंतिणीच्या घरी गेल्यावर खाली बसता का?" मी म्हटलं, वेळ नसतो, उभ्याउभ्याच बघते. ती काही बोलली नाही. तेव्हापासून मी बसते.

वेलांटी

सिस्टर 🙏 खाली बसण्याचं लक्षात ठेवीन.

शंकासूर

अक्षरओळख नसलेल्या बाईने निदान करायचं हे ऐकायला रोमँटिक वाटतं. माझ्या मुलाला न्यूमोनिया झाला तर मी तिच्याकडे नेणार नाही. तुम्ही न्याल? खरं सांगा. गरिबांसाठी अर्धशिक्षित आणि आपल्यासाठी एमडी, असा हा न्याय आहे.

तळटीप

प्रश्न रास्त आहे. ज्यूलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधल्या डॉक्टरने १९७१ साली हेच वेगळ्या शब्दांत मांडलं होतं: जिथे गरज जास्त तिथे चांगली वैद्यकीय सेवा कमी, हा जणू नियमच. कोळसा-खाणीच्या वस्तीत दवाखाना चालवणारा माणूस होता, त्यामुळे ऐकीव लिहीत नव्हता.

पण तुलना कशाशी करायची ते ठरवा. त्या वस्तीतल्या मुलासमोर एमडी आणि आरोग्यसेविका असे दोन पर्याय नसतात. सेविका की कोणीच नाही, एवढीच निवड असते. न्यूमोनियाचंच उदाहरण घेतलंत म्हणून सांगतो. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांची 'सर्च' ही संस्था, १९८६ पासूनची. लहान मुलाचा न्यूमोनिया ओळखायची सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, त्यापुढे वर्षभरापर्यंत ५० किंवा जास्त. पण गावातल्या दायांना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. आता काय करायचं? दायांना आधी साक्षर करायचं आणि मग मुलं वाचवायची?

त्यांनी एक खेळण्यासारखं यंत्र केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहापर्यंत मोजता आलं की पुरे. घड्याळ उलटं करायचं, बाळाच्या पोटाकडे बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. आधीचे मणी हिरवे, शेवटचा लाल. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया, औषध सुरू करा. लहान बाळांसाठी एक ओळ, मोठ्यांसाठी दुसरी.

मला यातलं चातुर्य मण्यांत दिसत नाही. 'बाईला मोजता येत नाही' ही बाईची अडचण न मानता साधनाची अडचण मानली, त्यात ते आहे.

पुढे याच संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायची पद्धत बसवली. गावातलीच प्रशिक्षित बाई वारंवार घरी जाणार, वजन-तापमान बघणार आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर इंजेक्शनही देणार. यावर डॉक्टरांच्या जगात वाद झाला. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी. २०११ पासून भारत सरकारने आशांमार्फत घरी भेटींचा देशभर कार्यक्रम सुरू केला.

तेव्हा शंकासूर, तुमच्या पहिल्या वाक्याशी मी सहमत आहे. सरकारचंच काम आहे. पण ते कसं करायचं हे कोणीतरी आधी ३९ गावांत करून दाखवावं लागतं.

शंकासूर

लाल मणी. हं.

ठीक आहे. हरकत मागे घेत नाही, पण आवाज कमी करतो.

वेलांटी

एका बाजूकडे कोणी वळलंच नाही म्हणून लिहिते. शिबिराच्या मांडवात, पडद्याआड पुरुष डॉक्टर, बाहेर रांगेत शेजारीण, सासू, दीर. अशा ठिकाणी कोण बाई अंगावरून पांढरं जातंय हे पहिल्या टेबलावर मोठ्याने सांगेल? 'कंबर दुखते' म्हणून सांगते, वेदनाशामक गोळी घेऊन घरी जाते. वहीत नोंद 'कंबरदुखी'. अर्धविराम, तुमच्या वह्यांतल्या कंबरदुखीच्या नोंदी एकदा पुन्हा वाचा.

वर ज्या बंगांचा उल्लेख आला त्यांचाच १९८९ सालचा अभ्यास आहे. दोन गावांतल्या बायकांची नीट तपासणी केली तर ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचा कुठला ना कुठला त्रास होता. त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. दवाखान्यातल्या नोंदींवर भरवसा ठेवला असता तर हा आजार त्या भागात नाहीच असं वाटलं असतं.

आणि सगळं काही गोळी-इंजेक्शनातच असतं असंही नाही. झारखंड-ओडिशात 'एकजुट' ही संस्था आहे. बायकांच्या गटांच्या दरमहा बैठका, चित्रांची कार्डं, गोष्टी, खेळ. 'आपल्या गावात बाळं का दगावतात' यावर त्यांनीच बोलायचं, त्यांनीच उपाय ठरवायचा. वरून भाषण नाही. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी. बैठकांनी! अहवालात फोटो काढण्यासारखं त्यात काय आहे? बायका गोल करून बसल्यात, एवढंच.

हिशेबनीस

वेलांटी, बैठकीसाठी पैसे मागणारा अर्ज आला की आमच्याकडे 'जनजागृती' या डब्यात पडतो आणि तो डबा सगळ्यात आधी कापला जातो. लाजेने सांगतोय.

पायवाट

आता माझ्या पोटातला प्रश्न विचारतो. वर सगळ्यांनी गावातली बाई, दाई, सेविका यांचं कौतुक केलं. त्यांना पैसे किती आणि कसे द्यायचे यावर कोणी बोललं नाही. मी ज्यांच्याबरोबर काम करतो त्या ताई सेवाभाव हा शब्द ऐकला की आता हसतात.

तळटीप

दोन टोकं आहेत. बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेने १९८० ते १९९० या काळात घरोघर जाऊन आयांना जुलाबावरचं मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवलं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. एक कोटी वीस लाखांहून जास्त घरं. शिकवणाऱ्यांचा मोबदला घरं किती केली यावर नव्हता. काही दिवसांनी दुसराच माणूस त्यातल्या काही घरी जायचा, आईला दहा मुद्दे विचारायचा, पाणी करून दाखवायला लावायचा. आईला जितकं आठवेल तितका शिकवणाऱ्याला मोबदला. साहजिकच शिकवणाऱ्या नुसतं सांगणं सोडून आईच्याच हाताने करून घ्यायला लागल्या.

याउलट जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ सालची मार्गदर्शिका म्हणते की सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांना कामाच्या प्रमाणात रीतसर मोबदला द्या, आणि तो केवळ किंवा मुख्यतः 'कामगिरीनुसार' ठेवू नका. लायबेरियाने २०१६ साली देशभर आरोग्यसेवक नेमले ते पगारी. 'लास्ट माइल हेल्थ' ही संस्था त्या कामात सरकारबरोबर होती.

निवृत्त_सिस्टर

पाणी शिकवायला तुकड्यावर मोबदला चालेल. पण ज्या बाईला रात्री-अपरात्री उठवता, तिला तुकड्यावर ठेवू नका. ज्याचे पैसे मिळतात तेवढंच मग दिसायला लागतं. बाळंतपणाचे पैसे आहेत म्हणून बाळंतीण दिसते, तिच्या शेजारी खोकणारा म्हातारा दिसत नाही. तिचा दोष नाही. पोट तिलाही आहे.

पायवाट

सिस्टर, हे वाक्य मी उद्या बैठकीत वापरणार. नाव तुमचंच सांगेन, म्हणजे 'निवृत्त_सिस्टर'.

नवाकोरा

सगळा धागा वाचला नाही, पण एखादं अ‍ॅप काढलं तर नाही का हे सुटणार? फोनवर आठवण येईल.

हिशेबनीस

धागा वाचा.

पायवाट

अहो हिशेबनीस, नवीन आहेत ते. नवाकोरा, आठवण आली तरी गोळ्या कुठून आणायच्या हा प्रश्न उरतोच. पण सेविकेच्या हातात यादी असेल, कोणाकडे आज जायचं आणि कोणाच्या गोळ्या संपत आल्या हे दिसत असेल, तर अ‍ॅपचा उपयोग आहे. कागदाची यादीही तेच करते, आणि तिला चार्जिंग लागत नाही.

अर्धविराम

तीन आठवड्यांनी परत आलेय. धागा वर काढल्याबद्दल माफी.

वेलांटींनी सांगितलं म्हणून कंबरदुखीच्या नोंदी वाचल्या. चाळिशीच्या आतल्या बायकांच्या इतक्या कंबरा एकाच गावात दुखत असतील असं वाटत नाही. त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, पुढच्या खेपेला एक बाई डॉक्टर आणि बंद खोली मिळते का बघतोय. मांडव नको असं मी म्हटलं, त्यावर बराच वेळ चर्चा झाली. मांडवावर बॅनर लागतो ना.

हिशेबनीसांचं बारापटीचं गणित मी संस्थेच्या बैठकीत फळ्यावर मांडलं. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे अहवालात आपला आकडा खाली जाणार." म्हटलं, हो. कोणी काही बोललं नाही. शेवटी एवढंच ठरलं की नवीन गाव घ्यायचं नाही, जुन्यांपैकी एका गावात वर्षभर दर महिन्याला जायचं. बाकीची गावं सोडायची की नाही यावर भांडण चालू आहे, आणि त्यात मी कुठल्या बाजूला आहे हे मलाच नीट कळत नाही. ज्यांना सोडू त्यांच्याही वह्यांत माझ्याच रेघा आहेत.

त्या १८०/११० वाल्या बाई. नाव आणि गाव एवढ्यावर शोधायला गेलो. घर सापडलं. बाई घरी होत्या. मला वाटलं ओळखणार नाहीत, पण त्या म्हणाल्या, "तुम्ही वहीवाल्या." गोळ्यांचं रिकामं पाकीट त्यांनी जपून ठेवलं होतं, त्याच गोळ्या परत मिळाव्यात म्हणून. दवाखान्यात का गेल्या नाहीत असं विचारणार होते, पण सिस्टरांची आठवण झाली आणि आधी खाली बसले. मग त्यांनीच सांगितलं. घरात अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत, त्यांना एकटं सोडून अर्ध्या दिवसापेक्षा जास्त बाहेर राहता येत नाही. दवाखान्याची फेरी पूर्ण दिवसाची.

त्याच दिवशी सासऱ्यांजवळ एकीला बसवलं आणि बाईंना गाडीत घालून नेलं. औषध सुरू झालंय. आता दरमहा गोळ्या पोचवायला आणि बीपी मोजायला गावातलीच एक मुलगी तयार झालीय. बारावी झालेली आहे. तिला मानधन द्यायचं ठरलंय, तुकड्यावर नाही. रकान्यात तारीख लिहिली आणि वहीत फोनचा रकाना हाताने आखला.

सिस्टर, त्या मुलीला बीपी मोजायला शिकवताना काय काय सांगू?

निवृत्त_सिस्टर

आधी पाच मिनिटं बसवायचं, पाठ टेकून, पाय जमिनीला. पायावर पाय नाही. दंड छातीच्या पातळीला, हाताखाली उशी किंवा काहीतरी आधार. मोजताना बोलायचं नाही, तिनेही आणि त्यांनीही. दोनदा मोजायचं, मधे मिनिटभर थांबून, आणि दोन्ही आकडे लिहायचे, बरा वाटेल तो एकच नाही.

आणि यंत्राबरोबर मोठ्या दंडाचा पट्टाही घ्या. जाड दंडाला लहान पट्टा आवळला की आकडा उगाच वर दाखवतो. तुमच्या शिबिरात पट्टे किती मापांचे होते?

अर्धविराम

एकाच.

निवृत्त_सिस्टर

मग वह्या परत काढा. जाड अंगाच्या माणसांपासून सुरुवात करू. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मंगळवारी मोकळी आहे.